ब्रिटिश एअरशिप काळातली पदकं, फोटो आणि स्मृतिवस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने या छंदाकडे वळलेल्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत आणि गुंतागुंतीचे नंतर. एकाच गोष्टीची उजळणी टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, तो जरूर उघडून वाचा.

१. ब्रिटिश एअरशिपचा काळ नेमका कोणता धरायचा?

एअरशिप म्हणजे हायड्रोजनच्या जोरावर तरंगणारं आणि इंजिनाने चालणारं हवाई जहाज. संग्राहक साधारणपणे १९०७ ते १९३१ हा काळ धरतात. ५ ऑक्टोबर १९०७ रोजी ब्रिटिश लष्कराचं 'नल्ली सेकुंडस' फार्नबरोहून लंडनवर उडत आलं, तिथून हा काळ सुरू होतो. १९३१ मध्ये आर-१०० मोडीत काढलं आणि ब्रिटिश सरकारने मोठ्या एअरशिपचा नाद सोडला, तिथे तो संपतो. मधल्या काळात पहिलं महायुद्ध येतं. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक वस्तू त्याच काळातल्या आहेत, कारण जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी रॉयल नेव्हीने लहान, सांगाडा नसलेल्या एअरशिपचा मोठा ताफा उभा केला होता. एसएस, एसएस झीरो, कोस्टल आणि नॉर्थ सी हे त्यातले मुख्य प्रकार. झीरो प्रकारात तिघं जण असत, तर नॉर्थ सीमध्ये दहा जणांचा चमू असे आणि तो लांबलचक गस्त घाली.

आर-३४, आर-१००, आर-१०१ ही मोठ्या, सांगाड्याच्या एअरशिपची नावं सर्वांना ठाऊक असतात. पण संग्रह खऱ्या अर्थाने भरतो तो किनाऱ्यावरच्या गस्ती एअरशिपच्या माणसांच्या वस्तूंनी. त्यांच्याकडे कमी लोक लक्ष देतात, म्हणून सुरुवात तिथून करावी असं मी सांगेन.

२. एअरशिपवर काम केल्याबद्दल वेगळं पदक मिळत असे का?

नाही. असं पदक कधी निघालंच नाही. एअरशिपवरच्या माणसांना इतर सैनिकांसारखीच पदकं मिळाली : १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. ब्रिटिश वॉर मेडल ६५ लाखांच्या आसपास निघाली, म्हणजे पदक म्हणून ती अजिबात दुर्मीळ नाहीत. कडेवर कोरलेलं नाव कोणाचं आहे आणि तो माणूस एअरशिपवर होता हे सांगणारा कागद आहे का, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून कोणी 'एअरशिप सर्व्हिस मेडल' म्हणून काही विकत असेल, तर तो एक तर अनभिज्ञ आहे किंवा तुम्हाला अनभिज्ञ समजतो आहे.

३. पदकाच्या कडेवर काय लिहिलेलं असतं आणि ते कसं वाचायचं?

ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल या दोन्ही गोल पदकांच्या कडेवर ठशांनी अक्षरं उमटवलेली असतात. १९१४-१५ स्टारवर ती मागच्या सपाट बाजूला असतात. मजकुरात क्रमांक, आद्याक्षरं, आडनाव, हुद्दा आणि दल एवढंच येतं.

रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस, म्हणजे आरएनएएस, १ जुलै १९१४ रोजी उभी राहिली. लष्कराची एअरशिप त्याआधीच, १९१४ च्या सुरुवातीला, नेव्हीकडे गेली होती. आरएनएएसच्या साध्या नाविकांच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असतं. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स, म्हणजे आरएएफ, स्थापन झालं तेव्हा या नाविकांना नवे क्रमांक मिळाले. ते देताना जुन्या एफ क्रमांकात दोन लाख मिळवले गेले. म्हणजे एफ १२३४ हा माणूस हवाई दलात २०१२३४ झाला. हे सूत्र पाठच करून ठेवा. स्टारवर एफ क्रमांक आणि आरएनएएस, तर बाकी दोन पदकांवर दोन लाखांच्या घरातला क्रमांक आणि आरएएफ, असा संच पाहून नवखे लोक दोन वेगळ्या माणसांची पदकं एकत्र केली असावीत असं समजतात आणि चांगला संच हातचा घालवतात. क्रमांकांतला फरक बरोबर दोन लाख आला, तर माणूस एकच.

अधिकाऱ्यांच्या पदकांवर क्रमांक नसतो, फक्त हुद्दा आणि नाव असतं. त्यांना पदकं आपोआप येत नसत, अर्ज करावा लागे. अनेकांनी तो केलाच नाही. त्यामुळे एखाद्या नामांकित पायलटची पदकं कुठेच सापडत नसतील, तर ती मुळात दिलीच गेली नसण्याचीही शक्यता असते.

४. कडेवर आरएनएएस आहे. म्हणजे तो एअरशिपवर होता असं धरू का?

धरू नका. आरएनएएसमध्ये विमानं होती, समुद्री विमानं होती, चिलखती मोटारींची पथकं होती, निरीक्षणाचे फुगे होते. एअरशिप हा त्यातला एक भाग.

खात्री करायची तर सेवानोंद पाहावी लागते. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरएनएएस नाविकांच्या नोंदी एडीएम १८८ या मालिकेत आहेत, अधिकाऱ्यांच्या एडीएम २७३ मध्ये, हवाई दलातल्या सैनिकांच्या एअर ७९ मध्ये आणि अधिकाऱ्यांच्या एअर ७६ मध्ये. नौदलाच्या पदकांची यादी एडीएम १७१ मध्ये सापडते. यातल्या बऱ्याच नोंदी घरबसल्या पाहता येतात. नोंदीत ठाण्यांची नावं शोधा. किंग्जनॉर्थ, कॅपल, पोलगेट, मलियन, पेम्ब्रोक, अँगलसी, ल्यूस बे, लाँगसाइड, ईस्ट फॉर्च्यून, हाउडन, पुलम ही एअरशिपची ठाणी होती. ल्यूस बे किंवा लाँगसाइडसारख्या ठाण्यावर माणसाने वर्षभर काढलं असेल, तर तो एअरशिपशी जोडलेला होता हे जवळजवळ नक्की.

तरीही 'जोडलेला' आणि 'उडणारा' यात अंतर आहे. एका एअरशिपमागे जमिनीवर दोऱ्या धरणारी, हायड्रोजन बनवणारी, कापड शिवणारी, इंजिनं उतरवणारी कितीतरी माणसं लागत. माझ्या मते त्यांची पदकंही तितक्याच आस्थेने जपावीत, पण विकणाऱ्याने 'एअरशिपचा वैमानिक' असं लिहून दुप्पट दाम मागितला तर त्याच्याकडे पुरावा मागा.

५. शौर्यपदकं कोणती पाहायची?

१९१८ पर्यंत नेव्हीची डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस अधिकाऱ्यांना आणि डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल नाविकांना मिळत असे. गस्तीवरच्या एअरशिपची माणसं दोन्हींच्या यादीत सापडतात. ३ जून १९१८ रोजी एअर फोर्स क्रॉस आणि एअर फोर्स मेडल सुरू झाली. शत्रूशी प्रत्यक्ष लढाई नसताना उड्डाणात दाखवलेल्या धैर्यासाठी आणि कर्तव्यनिष्ठेसाठी ती होती. एअरशिपवाल्यांचं काम याच वर्णनात बसणारं होतं, त्यामुळे पुढे ही दोन पदकं त्यांच्याकडे अधिक दिसतात.

सर्वांत मानाचा गट आर-३४ चा. २ जुलै १९१९ रोजी हे एअरशिप स्कॉटलंडमधल्या ईस्ट फॉर्च्यूनहून निघालं आणि १०८ तास १२ मिनिटांनी, ६ जुलैला, न्यू यॉर्कजवळच्या मिनिओला इथे पोचलं. पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक हवेतून ओलांडण्याची ती पहिली वेळ. परतीचा प्रवास ७५ तासांत पुलमला संपला. कप्तान जॉर्ज हर्बर्ट स्कॉट यांना सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला, काही अधिकाऱ्यांना एअर फोर्स क्रॉस आणि काही सहकाऱ्यांना एअर फोर्स मेडल. ही पदकं क्वचितच विकायला येतात. आली, तर आधी 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्रात घोषणा शोधा, कारण प्रत्येक शौर्यपदकाची तिथे नोंद असते.

६. आर-१०१ च्या अपघातातल्या लोकांना त्याबद्दल काही पदक मिळालं का?

सर्वांना असं कोणतंही पदक दिलं गेलं नाही. आर-१०१ हे ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून कराचीला जायला निघालं आणि ५ तारखेच्या पहाटे दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळच्या आलोन गावाशी कोसळून पेटलं. ५४ जणांपैकी ४८ जण गेले. वाचलेल्या सहांपैकी हॅरी लीच या फोरमनने जळत्या सांगाड्यात परत शिरून वायरलेस ऑपरेटर आर्थर डिझ्ली यांना बाहेर काढलं. लीच यांना अल्बर्ट मेडल हे जीव वाचवणाऱ्यांसाठीचं पदक मिळालं.

तेव्हा 'आर-१०१ चं पदक' याचा अर्थ असतो त्या प्रवासातल्या कोणा माणसाची महायुद्धातली पदकं. त्यातले बरेचसे १९३० मध्ये रॉयल एअरशिप वर्क्सचे, म्हणजे कार्डिंग्टनच्या सरकारी एअरशिप कारखान्याचे, मुलकी नोकर होते, म्हणून कडेवर दिसतो तो दहा-बारा वर्षं आधीचा हुद्दा आणि आधीचं दल. मृतांची यादी सर्वत्र छापलेली आहे. अवघड जाते ती नावाशी पदक जुळवण्याची पायरी. आडनाव सर्रास आढळणारं असेल, तर जुना क्रमांक सेवानोंदीत शोधून त्याच नोंदीवरून जन्मतारीख आणि गाव ताडून पाहिल्याशिवाय 'हाच तो' असं म्हणू नये.

७. 'डेड मॅन्स पेनी' नावाची मोठी ब्राँझची चकती आर-३८ किंवा आर-१०१ च्या मृतांची म्हणून विकली जाते. खरी असते का?

चकती खरी असेल, पण ती त्या मृतांची असू शकत नाही. ही स्मृतिचकती सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची असते आणि पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या नातेवाइकांना दिली जात असे. १३ लाखांहून अधिक चकत्या निघाल्या. आर-३८ हे हल शहराजवळ हंबर नदीवर तुटलं ते २४ ऑगस्ट १९२१ रोजी, म्हणजे ही चकती मिळण्यासाठी धरलेली मुदत संपल्यानंतर. आर-१०१ तर आणखी नऊ वर्षांनी कोसळलं.

युद्धकाळात मेलेल्या एअरशिपवाल्यांच्या चकत्या मात्र आहेत आणि त्या ओळखणं कठीण आहे, कारण चकतीवर फक्त नाव असतं. हुद्दा, क्रमांक, दल काहीच नाही. नाव विरळ असेल तर ठीक. 'जॉन स्मिथ' असेल, तर सोबत आलेलं पत्र, लखोटा किंवा त्याच घरातून निघालेली पदकं याशिवाय काही सिद्ध करता येत नाही.

८. आर-३८ च्या वस्तू ब्रिटिश म्हणायच्या की अमेरिकन?

दोन्ही. ते ब्रिटनने बांधलं आणि अमेरिकेच्या नौदलाला विकलं होतं. अमेरिकन नाव झेडआर-२. त्यावर दोन्ही देशांची माणसं होती आणि ४४ जण गेले, त्यात आर-३४ मधून अटलांटिक ओलांडलेले ब्रिटिश अधिकारी एडवर्ड मेटलंडही होते. त्यामुळे कागद शोधताना एकाच देशाच्या दप्तरावर थांबू नका.

९. पदक खरं आहे, पण नाव नंतर कोरलं असेल तर कसं कळेल?

चांगला व्हर्नियर कॅलिपर घ्या. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल दोन्ही ३६ मिलिमीटरची. जुनं नाव कानशीने घासून नवं टाकलं असेल, तर व्यास थोडा कमी भरतो किंवा सगळीकडे सारखा येत नाही. चार-पाच ठिकाणी मोजा. मग भिंगाखाली कड पाहा. मूळ अक्षरं एकाच प्रकारच्या ठशांची असतात, त्यांच्या आसपास बारीक आडव्या रेघा नसतात आणि कडेचा काळपटपणा पदकाच्या बाकी भागाशी मिळताजुळता असतो. फक्त कडच लख्ख असेल तर थांबा.

ओतीव नकलेची पार्श्वभूमी खडबडीत दिसते, बारीक तपशील मऊ पडलेले असतात आणि कडेवर जोडाची रेघ सापडते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं आहे. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा अशी असंख्य पदकं वितळवली गेली. म्हणूनच व्हिक्टरी मेडल आहे पण चांदीचं नाही, असे अर्धवट संच इतके दिसतात.

१०. तीनपैकी एकच पदक मिळतंय. घ्यावं का?

माणूस एअरशिपवरचा आहे हे कागदाने सिद्ध होत असेल, तर नक्की घ्या. तुटलेले संच वर्षांनंतर जुळल्याची उदाहरणं आहेत, कारण कडेवरचं नाव दोन्हीकडे तेच असतं. आपल्याकडे कोणतं पदक आहे हे इतर संग्राहकांना कळू द्या. मात्र संच पूर्ण दिसावा म्हणून दुसऱ्या माणसाचं पदक किंवा बिननावाचं पदक त्याच पट्टीवर लावू नका. पुढच्या मालकाची दिशाभूल तिथूनच सुरू होते.

११. फोटोत आर-१०० आहे की आर-१०१, कसं ओळखू?

खालून लटकणाऱ्या इंजिनाच्या खोल्या मोजा. आर-१०० ला तीन होत्या, प्रत्येकीत दोन पेट्रोल इंजिनं. आर-१०१ ला पाच होत्या, प्रत्येकीत एक डिझेल इंजिन. फोटो बाजूने घेतलेला असला की हे लगेच दिसतं. पोटावरची नोंदणी अक्षरं वाचता आली तर आणखी चांगलं : आर-१०० वर जी-एफएएव्ही आणि आर-१०१ वर जी-एफएएडब्ल्यू. आर-१०० च्या सांगाड्याला लांबीच्या दिशेने सोळाच मुख्य तुळया होत्या, त्यामुळे त्याचं कापड दोन तुळयांमध्ये जास्त रुंद पट्ट्यात ताणलेलं दिसतं.

कॅनडातले फोटो असतील तर ते आर-१००. ते २९ जुलै १९३० रोजी निघून १ ऑगस्टला माँट्रिअलजवळच्या सेंट ह्यूबर्टला पोचलं आणि त्याच महिन्यात परतलं. तिथे बघ्यांची प्रचंड गर्दी लोटली होती, त्यामुळे घरगुती कॅमेऱ्यांनी काढलेले फोटोही पुष्कळ आहेत.

१२. 'आर-१०१ शेवटच्या प्रवासाला निघताना' असं लिहिलेलं पोस्टकार्ड मिळालं. खरं असेल का?

आधी उजेड पाहा. आर-१०१ ने बांधून ठेवायचा खांब सोडला तो संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, ऑक्टोबरात, पावसाळी हवेत, अंधार पडताना. भर उन्हात ढगांखालून जाणारं आर-१०१ म्हणजे जुना फोटो आणि अपघातानंतर छापलेला मथळा. छापखान्यांनी हे मुद्दाम केलं, कारण लोकांना आठवण म्हणून काहीतरी हवं होतं. असं कार्ड खोटं नव्हे. ते त्या दु:खाच्या आठवड्यांत विकलं गेलेलं खरं कार्ड आहे, फक्त मथळा चुकीचा आहे. तसं लिहून संग्रहात ठेवा.

आणखी एक खूण : १९३० च्या उत्तरार्धात आर-१०१ मध्यभागी कापून त्यात एक नवा भाग बसवला आणि लांबी ७३१ फुटांवरून ७७७ फूट झाली. लांबवलेलं आर-१०१ फारच थोडं उडालं. त्यामुळे हवेतल्या बहुतेक फोटोंत दिसतं ते आधीचं, आखूड रूप.

१३. मूळ प्रिंट आणि नंतर काढलेली प्रिंट यात फरक कसा करायचा?

कागद हातात घ्या. प्लॅस्टिकचा थर असलेला, गुळगुळीत, अजिबात न वळणारा कागद १९७० च्या आसपास रुळला, म्हणजे प्रिंट तेव्हाची किंवा नंतरची. अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात शुभ्रक, म्हणजे कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं, आहेत आणि ते फोटोच्या कागदात १९५० च्या दशकापासून दिसतात. जुना कागद मंद राहतो.

वृत्तपत्रांसाठी पाठवलेल्या प्रिंटची पाठ समोरच्या बाजूइतकीच मोलाची. संस्थेचा शिक्का, तारखेचा शिक्का, टंकलिखित मथळ्याची चिकटवलेली चिठ्ठी, पेन्सिलीने आखलेली कात्री लावायची रेघ, हे सगळं तिथे असतं. चेहऱ्यावर किंवा एअरशिपच्या कडांवर रंगाने केलेली डागडुजी पाहून घाबरू नका, छपाईसाठी तसं करत.

१४. पूर्ण अल्बम घेतला. चांगले फोटो काढून वेगळे ठेवू का?

कृपया नको. या छंदातलं सर्वांत मोठं नुकसान मला इथे दिसतं. ठाण्यावरच्या एखाद्या मेकॅनिकच्या अल्बममध्ये एअरशिपचे पाच फोटो आणि चहा पिणारी माणसं, कुत्रा, फुटबॉलचा संघ, गावातली मुलगी असे पन्नास फोटो असतात. विक्रेता पाच फोटो काढून घेतो आणि बाकी रद्दीत जातात. पण त्या फुटबॉल संघाखाली लिहिलेल्या नावांतच एखाद्या बिननावी पदकाचा दुवा असतो. फोटोंचा क्रम, पानावरची टिपणं, एकाच हाताचं अक्षर यावरून माणूस कोणत्या ठाण्यावर कधी होता ते जुळतं. प्रत्येक पान आहे तसं स्कॅन करा आणि अल्बम अखंड ठेवा. बांधणी सुटत असेल तर पानांना शाई न लावता पेन्सिलीने क्रमांक घाला.

१५. धातूचे तुकडे मिळतात : 'झेपेलिनचा', 'आर-१०१ चा'. त्यांचं काय?

इथे फसवणूक सर्वाधिक होते. पहिला गोंधळ जर्मन आणि ब्रिटिश वस्तूंचा. १९१६ मध्ये इंग्लंडवर पाडलेल्या जर्मन एअरशिपचे तुकडे लोकांनी उचलले, त्यांच्या अंगठ्या, कागद कापायच्या सुऱ्या आणि पिना केल्या. ही जर्मन एअरशिपची आठवण आहे, ब्रिटिश एअरशिपची नव्हे. एक जोड मात्र आहे : सप्टेंबर १९१६ मध्ये एसेक्समध्ये उतरलेल्या एल-३३ च्या अभ्यासावरून ब्रिटनने आर-३३ आणि आर-३४ बांधली.

दुसरा सापळा कफलीचा. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लंडनजवळच्या कफली इथे ब्रिटिश वैमानिक लीफ रॉबिन्सन यांनी एसएल-११ हे जर्मन एअरशिप पाडलं. ते शूटे-लान्झ या जर्मन कंपनीच्या बनावटीचं होतं आणि त्याचा सांगाडा लाकडी होता. तेव्हा 'कफलीच्या सांगाड्याचा ॲल्युमिनियमचा तुकडा' ऐकलं की सावध व्हा. खरे मिळतात ते तारेचे तुकडे, जे ब्रिटिश रेड क्रॉसने जखमींच्या मदतीसाठी विकले होते.

आर-१०० च्या सांगाड्यातल्या नळ्या ड्युरालुमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या सर्पिलाकार गुंडाळून आणि रिव्हेट मारून केल्या होत्या. पट्टीचा जोड नळीभोवती मळसूत्रासारखा फिरताना दिसतो. हे एअरशिप मोडताना रोलरखाली चेपून भंगार म्हणून विकलं गेलं, सारी किंमत ६०० पौंडांच्याही आत. आर-१०१ च्या सांगाड्यात ड्युरालुमिनसोबत स्टेनलेस स्टीलही होतं. नुसता चपटा, वाकडा, जळका ॲल्युमिनियमचा तुकडा कशाचाही असू शकतो. तो कोणी, कधी, कुठे उचलला हे सांगणारा त्या काळचा कागद नसेल, तर माझा सल्ला आहे की घेऊ नका.

आलोनच्या तुकड्यांबाबत आणखी एक विनंती. तिथे ४८ माणसं गेली आहेत. त्या वस्तू मिरवायच्या नसतात.

१६. पिवळट, पारदर्शक, चामड्यासारखा तुकडा 'गॅसबॅगचा' म्हणून आला आहे.

असू शकतो. हायड्रोजनच्या पिशव्यांना आतून गोल्डबीटर्स स्किनचं अस्तर असे. हा गुरांच्या आतड्याचा पातळ पडदा आणि मोठ्या एअरशिपला तो लाखांच्या संख्येने लागे. काहींच्या घरात अशी वस्तू चालणार नाही, म्हणून आधीच सांगितलं. तो कापडाला चिकटवलेला असेल तर गॅसबॅगचा असण्याची शक्यता वाढते. त्याला कीड फार लवकर लागते, बंद डब्यात ठेवा आणि अधूनमधून पाहा.

बाहेरच्या आवरणाचं कापड तागाचं, रंगलेपामुळे कडक झालेलं असतं. त्याची घडी कधीही मोडू नका, लेप तडकतो.

१७. आर-१०० किंवा आर-३४ ने नेलेली पत्रं मिळतात का?

जर्मन 'ग्राफ झेपेलिन'ने नियमित टपाल नेलं, त्यामुळे त्याचे लखोटे भरपूर आहेत. ब्रिटिश एअरशिपची टपालसेवा कधी सुरूच झाली नाही. म्हणून त्यांवरून गेलेला लखोटा दुर्मीळ आणि बनावट करायला सोपा. शिक्का, तारीख आणि मार्ग तिन्ही जुळल्याशिवाय टपालतज्ज्ञाच्या मताविना खरेदी नको.

१८. आपल्याकडचा काही खरा संबंध आहे का?

आहे, आणि तो जवळचा आहे. आर-१०१ मध्ये जळून गेलेले ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांचा जन्म १८७५ मध्ये नाशिकचा. कार्डिंग्टन हे नाव त्यांनी आपल्या सरदारकीला जोडून घेतलं होतं आणि भारताला जाऊन वेळेत परतण्याची त्यांची इच्छा त्या घाईमागचं एक कारण मानली जाते. त्यांची सही असलेली पत्रं आणि फोटो बाजारात येतात.

कराचीला आर-१०१ साठी प्रचंड शेड आणि खांब उभारला होता. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, १९३६ मध्ये वेगळा झाला. त्या शेडमध्ये एकही एअरशिप कधी आलं नाही. पण १९३० च्या दशकात कराचीत राहिलेल्या लोकांच्या घरगुती अल्बममध्ये तिचे फोटो निघतात. मुंबई-पुण्यातल्या जुन्या कुटुंबांकडे असे अल्बम असतील तर ते नीट चाळा. पार्श्वभूमीवर एखादी काळी, अवाढव्य इमारत दिसली तर फोटो टाकू नका.

१९. वस्तू कुठे घ्यायच्या? चोर बाजारात मिळतील का?

मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ब्रिटिश पदकं दिसतात, पण त्यात नकला खूप आणि एअरशिपचं काही मिळणं हा योगच. खरा माल लंडनच्या लिलावांत येतो. नूनन्स, स्पिंक यांच्या जुन्या लिलावांची वर्णनं ऑनलाइन वाचा. बोली लावायची नसली तरी पदकांची नावं, हुद्दे आणि कोरणी पाहून डोळा तयार होतो. बोली लावताना हातोड्याच्या किमतीवर लिलावगृहाचं कमिशन, टपाल, विमा आणि इथली कस्टम ड्यूटी चढते, हे आधी धरा. पार्सलवर किंमत खरीच लिहायला सांगा.

२०. घेतलेली वस्तू पुढे परदेशात विकता येईल का?

हा नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षं जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. महायुद्धातल्या पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे. म्हणून बाहेर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. परदेशातून आणताना खरेदीची पावती आणि कस्टमचे कागद जपून ठेवा.

२१. पदक काळं पडलंय. घासून चमकवू?

नको. रांगोळी, चिंच, पितांबरी, चांदीचा पॉलिश यापैकी काहीही नको. घासलं की अक्षरं झिजतात आणि राजाच्या चेहऱ्यावरचे बारीक तपशील जातात. धूळ मऊ, कोरड्या कापडाने टिपा. रिबन मळकी, विरलेली असली तरी काढून टाकू नका. प्रदर्शनासाठी नवी लावली, तर जुनी पाकिटात घालून त्याच पदकासोबत ठेवा.

२२. कोकणात राहतो. पावसाळ्यात फोटो आणि कागद कसे जपू?

भिंतीला लागून असलेलं कपाट आणि जमिनीवरची पेटी टाळा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या सर्वांत वाईट, त्या फोटोला चिकटतात आणि धातूला हिरवट करतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवा. सिलिका जेल घाला, पण ते ओलं होतं, म्हणून दर काही आठवड्यांनी वाळवा किंवा बदला. जूनच्या आधी सगळं एकदा हवेशीर जागी उघडून पाहा, उन्हात मात्र नको. बुरशी दिसली तर ती वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. ड्युरालुमिनवर पांढरी पूड दिसू लागली तर तो धातू गंजतो आहे, त्याला कोरडेपणा हाच उपाय.

फोटोंसोबत जुन्या निगेटिव्ह असतील तर विशेष काळजी घ्या. १९५० पूर्वीच्या अनेक फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या आहेत आणि त्या भयंकर पेटतात. चिकट झालेल्या, पिवळ्या पडलेल्या, उग्र वास येणाऱ्या निगेटिव्ह घरातल्या लोखंडी कपाटात ठेवू नका. स्कॅन करून घ्या आणि त्या कुठे ठेवायच्या किंवा नष्ट कशा करायच्या ते अभिलेखागारातल्या जाणकाराला विचारा.

२३. संग्रहातले फोटो माझ्या लेखात छापता येतील का?

फोटोचा कागद तुमच्या मालकीचा असला, तरी छापण्याचा हक्क वेगळा असतो. ब्रिटिश सरकारने १ जून १९५७ आधी काढलेल्या फोटोंवरचा क्राउन कॉपीराइट, म्हणजे सरकारचा हक्क, फोटो घेतल्यापासून ५० वर्षांनी संपतो, म्हणजे एअरशिप काळातले सरकारी फोटो मोकळे आहेत. वृत्तसंस्था आणि खासगी छायाचित्रकारांचे फोटो तसे नाहीत, तिथे छायाचित्रकाराचं मृत्युवर्ष पाहावं लागतं. पाठीवरचा शिक्का इथेही कामाला येतो (प्रश्न १३).

२४. वस्तू संग्रहालयाला द्यायची असेल तर?

आर-३३ च्या नियंत्रण कक्षाचा भाग लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे, आर-३४ ची आठवण ईस्ट फॉर्च्यूनच्या नॅशनल म्युझियम ऑफ फ्लाइटने जपली आहे, आणि एअरशिप हेरिटेज ट्रस्ट या एकाच विषयाला वाहिलेलं आहे. आर-१०१ चा जळका ध्वज कार्डिंग्टनच्या सेंट मेरी चर्चमध्ये टांगला आहे. भारतातून पाठवायचं असेल, तर प्रश्न २० आधी वाचा. देताना वस्तूसोबत तुम्ही जमवलेली सगळी माहिती, अगदी न जुळलेले दुवेही, लिहून द्या. आणि घरच्यांना आताच सांगून ठेवा की कपाटातली कोणती वस्तू कोणाची आहे आणि तिच्यासोबतचे कागद कोणत्या फाइलमध्ये आहेत.